दहाव्या वर्षाची फी

शोभाबाईंची सकाळ परातीपासून सुरू होई. सहाच्या सुमारास त्या चुलीपुढे पाट ओढून बसत आणि डाव्या हाताने ज्वारीचे पीठ परातीत घेत. उजवा हात कोपराच्या चार बोटे खाली संपलेला होता. त्या थोट्या हाताने परातीची कड दाबून धरायची, डाव्या हाताने ऊन पाणी ओतायचे आणि त्याच हाताने पीठ मळायचे. दोन हातांची बाई भाकरी थापता थापता फिरवत जाते. शोभाबाई परात फिरवत. तिची कड गुडघ्याने थोडी थोडी लोटत. भाकरी पुरेशी मोठी झाली की डावा पंजा खालून सरकवून ती थोट्या हातावर झेलत आणि तिथून तव्यावर उतरवत. चौतीस वर्षांत भाकरी क्वचितच फाटली असेल. पाणी लावायला फडके लागे, ते त्या दातांत धरीत. त्यामुळे भाकऱ्या होईपर्यंत त्या कोणाशी बोलत नसत.

त्यांचा मुलगा रत्नपाल बारा वर्षांचा असल्यापासून हे पाहत आला होता. आयटीआयमध्ये शिकायला जाण्याच्या कितीतरी आधी यंत्राची पहिली समज त्याला इथेच आली होती. एक गोष्ट फिरवता येत नसेल, तर तिच्याखालची दुसरी फिरवावी.

सप्टेंबरातल्या त्या गुरुवारीही तो चहाची बशी हातात घेऊन चुलीजवळ बसला होता. पंचशीला, त्याची बायको, अंगणवाडीला जायच्या गडबडीत वेणी घालत होती. सात वाजता थ्री-फेज वीज येणार होती आणि शेडमध्ये दोन पेरणी यंत्रांचे फण वेल्डिंगसाठी पडले होते. शेडच्या भिंतीला लागून लोखंडी दांड्यांचा एक ढीग होता. एकतीस दांडे, प्रत्येकाची दोन्ही टोके गॅसकटरने कापलेली, वेडीवाकडी. दहा महिन्यांत ते गंजून तांबडे झाले होते. शोभाबाई आपली शेळी त्या ढिगालाच बांधत.

"पप्पा, उद्या बारा तारीख हाय," स्नेहल म्हणाली. बी.कॉम. झाल्यापासून ती खटकचिंचोळीच्या स्टँडवर ऑनलाइन सेंटर चालवत होती. गावाचे पीकविमे आणि उतारे तिच्याच हातून भरले जात.

"म्हाईत हाय."

"म्हाईत हाय म्हणून मार्चपासून सहा महिने काढले तुमी. जादा मुदत उद्या सपायली. भरायचं असंल तर पाच मिनिटांचं काम हाय."

"अन् न्हाई भरलं तर?"

"तर तेवढंबी काम न्हाई," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. पण दारात थांबून तिने एकदा ढिगाकडे पाहिले.

ती वळते न वळते तोच राजपाल गुरुजी दुधाची किटली घेऊन आले. ते निवृत्त शिक्षक आणि विहार कमिटीचे अध्यक्ष होते.

"जयभीम, रत्नपाल. यंदाचं भरलास का?"

"जयभीम, गुरुजी. बघायलोय."

"तेच्यात काय बघायचंय? चौदा ऑक्टोबरला बिदरहून पाहुणे यायलेत. पोरांम्होरं कागद ठिवायचाय. चालू हाय म्हणून छाती ठोकून सांगता आलं पाहिजे न्हवं?"

रत्नपालने मान हलवली. ती होकाराची म्हणून गुरुजींनी घेतली आणि ते पुढे गेले.

कागद म्हणजे पेटंट. शोभाबाईंचा हात ज्या मळणी मशीनमध्ये गेला त्या मशीनच्या तोंडाशी एक आडवा दांडा असता, आणि अंग त्यावर रेलताच पट्टा सैल पडून ड्रमला ब्रेक आवळला असता, तर हात वाचला असता. हे रत्नपालला कळायला वीस वर्षे लागली आणि तसा दांडा करायला आणखी चार. तुरीची रास, म्हणजे मळणी, करताना पेंढ्या घालणारी बाई काट्याकुसापासून जपायला हाताला फडके गुंडाळते. ड्रमचे दात ते फडके आधी पकडतात आणि मग मागचा हात. ओढली जाणारी बाई नकळत पुढे झुकते, आणि त्या झुकण्यानेच मशीन थांबावे अशी सारी रचना होती. गावात त्याला 'आईचा दांडा' म्हणत.

पेटंटचा अर्ज वस्तीच्या वर्गणीतून गेला होता. पाच वर्षांनी चेन्नईच्या कार्यालयातून ते मंजूर झाले, त्या दिवशी प्रमाणपत्राची प्रत विहाराच्या अभ्यासिकेत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावली गेली. पेटंट म्हणजे काय, हे गुरुजी लोकांना आपल्या परीने समजावून सांगत. "जमिनीची पहाणी असतीय ना, नावाचा उतारा, तशी डोस्क्यातल्या जमिनीची पहाणी. वीस वर्षं आपली. फक्त दरसाली सारा भरायचा. न्हाई भरला, की बांध मोडला. मग कुनीबी नांगर घालावा." ज्यांच्या आज्यापणज्यांच्या नावावर कधी बांध नव्हता, त्या वस्तीला ही तुलना लगेच समजली होती. म्हणून दर मार्चमध्ये फी भरली का, हे विचारणारा गुरुजी हा एकटाच माणूस नव्हता.

दोन वर्षांपूर्वी रत्नपालने भालकीच्या बाजारात एक नवे मळणी मशीन पाहिले. तोंडाशी आडवा दांडा, बाजूला स्प्रिंग, आत ब्रेकची पट्टी. त्याखाली पत्र्याची पाटी, कन्नडमध्ये आणि मराठीत: 'ईरण्णा यांची स्वतःची सुरक्षा रचना'.

ईरण्णा हा भालकीतला मोठा कारखानदार. वीसेक कामगार, स्वतःचे गोदाम. रत्नपालने कधीकाळी त्याच्याकडे वर्षभर काम केले होते आणि तिथेच दांड्याचे पहिले चित्र खडूने भिंतीवर काढून दाखवले होते. तेव्हा ईरण्णा हसला होता.

"अण्णा, हा दांडा माझा हाय," रत्नपाल त्या दिवशी म्हणाला होता.

"मिस्त्री, लोखंड बाजारातलं, बोल्ट बाजारातले. दांडा काय कुनाच्या बापाचा असतोय?"

"बापाचा न्हाई. माझ्या मायचा हाय."

आजूबाजूची गिऱ्हाइके हसली. ईरण्णाही हसला. "मग मायला घेऊन ये, पाटीवर तिचा फोटो लावू."

हे वाक्य वस्तीत पोचायला एक दिवसही लागला नाही. पुढचे वर्षभर रत्नपालने नुसते मागणे केले: पैसे नकोत, पाटी बदला. ईरण्णाने पाटी बदलली नाही. शेवटी कमिटी बसली, बिदरचा वकील गाठला आणि गेल्या ऑक्टोबरात नोटीस गेली. नोटीस खरी होती आणि योग्यही होती. हे रत्नपाल आजही कोणापुढे नाकारणार नव्हता.

नोव्हेंबरात एका दुपारी ईरण्णाचा टेंपो त्याच्या दारात येऊन उभा राहिला. विकलेली मशिने सर्व्हिसिंगच्या नावाखाली परत बोलावून त्याने एकूणएक दांडा कापून काढला होता आणि बुडाच्या पट्ट्याही बोल्टांसकट उपसल्या होत्या. ड्रायव्हरने फाळका पाडला आणि एकतीस दांडे अंगणात ओतले. "अण्णानं सांगितलंय, मिस्त्रीचा माल मिस्त्रीला," तो म्हणाला.

वस्तीने पेढे वाटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरच्याने ऐकले होते. शोभाबाईंनी पेढा घेतला, पण बराच वेळ हातातच ठेवला. "काढून टाकले?" त्यांनी विचारले. "सगळ्या मशिनीचे?" ढोल वाजत होता.

एका ईरण्णाला नोटीस गेली, पण ऐकली साऱ्यांनी. हुमनाबादच्या, उदगीरच्या, कलबुर्गीकडच्या कारखान्यांत, जिथे जिथे हा दांडा मागच्या दाराने पोचला होता, तिथे तिथे तो निघाला. तुरीच्या हंगामात या सबंध पट्ट्यात दांड्याचे मशीन औषधालाही उरले नाही. रत्नपाल स्वतः वर्षाला दहा-बारा दांडे करून बसवी, तेवढेच.

जानेवारीच्या अखेरीस मुडबीच्या शिवारात तुळजा नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा उजवा हात ईरण्णाच्या मशीनमध्ये गेला. तिचे लोक पूर्वी मेंढ्या राखीत. आता दुसऱ्यांच्या रानात रोजाने जात. बातमी खटकचिंचोळीत आली तेव्हा रत्नपाल शेडमध्ये होता. त्याने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. मग पुष्कळ वेळाने त्याच्या लक्षात आले की काच आपण डोळ्यांवरून काढलेलीच नाही.

मार्चमध्ये फीची तारीख आली. स्नेहलने कॉम्प्युटरवर पान उघडून दिले, त्याने पाहिले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे आज." सहा महिन्यांची जादा मुदत होती. त्या मुदतीत त्याने त्याला सुचला तो उपाय करून पाहिला. आठ कारखान्यांना पत्रे लिहिली: दांडा बसवा, मला काही नको, सोबतच्या परवानगीवर सही करून एक प्रत परत पाठवा. एकही प्रत परत आली नाही. हुमनाबादच्या एका म्हाताऱ्या कारखानदाराने तेवढा फोन केला. "बाबा, सही म्हंजी कबुली. आज सही करतो, उद्या तुझा वकील म्हणंल, मागचे किती बसवले ते सांग. तू चांगला असशील. पण कागद जित्ता हाय तवर आमी दांड्याला हात लावणार न्हाई."

शोभाबाई मे महिन्यापासून मुडबीला जाऊ लागल्या. कोणी सांगितले नव्हते. ऐकले की मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून असते, आणि एक दिवस त्यांनी पिशवीत परात घातली. दोन गाड्या बदलून जायच्या आणि संध्याकाळच्या आत परत यायच्या. ऑगस्टमध्ये मात्र पाय सुजले म्हणून त्यांनी रत्नपालला बरोबर घेतले. तो टाळू पाहत होता. टाळता आले नाही.

तुळजा ओसरीवर बसली होती. तिची आई रेणुकाबाई शेवग्याची पाने खुडत होती. शोभाबाईंनी परात मुलीपुढे ठेवली आणि स्वतः समोर बसल्या.

"आज्जी, मला न्हाई जमायलं."

"मला तरी पहिल्या दिवशी जमलं व्हय? माझा नवरा म्हणायचा, ही भाकरी हाय का बिदरचा नकाशा."

मुलगी हसली नाही, पण तिने हात पिठात घातला. परात सटकली. शोभाबाईंनी आपला थोटा हात तिच्या थोट्या हाताशेजारी कडेवर ठेवला. "असं दाब. लाजू नको तेला. तोबी हातच हाय, बारका."

रत्नपाल खांबाला टेकून हे पाहत होता. एका परातीवर दोन थोटे हात होते. एक म्हातारा, सुरकुतलेला, आणि दुसरा टाक्यांच्या कोवळ्या गुलाबी व्रणांचा.

"तुमचं पोरगं मशिनीचं काम करतंय म्हणं," रेणुकाबाई म्हणाल्या.

"व्हय," शोभाबाई म्हणाल्या.

तुळजाने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. "काका, एक विचारू? त्या मशिनीच्या तोंडापाशी भोकं होती. दोन्हीकडं चार-चार. मालकाला विचारलं, कशाची हायत, तर म्हणला कामाला लाग. मी तेच्यात सुतळी ओवून भाकरीचं फडकं अडकवायची. कशाची असतात ती?"

रत्नपालला ती भोके माहीत होती. दहा एमएमची, खालच्या दोन भोकांत थोडे जास्त अंतर. ते माप त्याने स्वतः ठरवले होते.

"बोल्टाची," तो म्हणाला.

"कशाच्या बोल्टाची?"

"तिथं एक दांडा असतोय. मशीन थांबवायचा."

"मग कामून नव्हता?"

रेणुकाबाईंचे खुडणे थांबले. शोभाबाई परातीकडे पाहत होत्या. रत्नपालने तोंड उघडले. सांगण्यासारखे सारे त्याच्याजवळ होते: पाटी, नोटीस, टेंपो. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि एकही शब्द त्या ओसरीवर बोलण्याजोगा नव्हता.

"काढला होता," तो म्हणाला. एवढेच.

परतीच्या जीपमध्ये शोभाबाई खिडकीशी बसल्या होत्या. जीप मुडबीबाहेर पडल्यावर त्यांनी विचारले, "तो कागद जित्ता ठिवायला दरसाली पैसे भरायचे असतात म्हणं."

"व्हय, माय."

"अन् मरायला काय लागतंय?"

"काई न्हाई. तारीख जाऊ द्यायची."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि नखाने परातीवरचे वाळलेले पीठ खरवडू लागल्या.

त्यानंतर या विषयावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यामुळेच रत्नपालला चुकवायला जागा उरली नाही.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास तो भालकीला ईरण्णाच्या कारखान्यात पोचला. मूग-उडदाच्या राशी संपत आल्या होत्या. सोयाबीनच्या तयारीत कामगार ड्रम रंगवत होते. ईरण्णा खुर्चीत बसून डबा खात होता. साठीचा माणूस, पण या वर्षभरात गालाची हाडे वर आली होती. रत्नपालला पाहून त्याने डबा झाकला.

"या, पेटंटवाले. आता काय राहिलंय? भोकंबी बुजवायची का?"

"उद्या फीची शेवटची तारीख हाय. मी भरणार न्हाई."

ईरण्णाने डबा बाजूला सारला. "पैसे न्हाईत म्हणून मागायला आलास?"

"पैसे हायत. परवापासून पेटंट बंद. कुनीबी दांडा बसवावा. तुमी बसवणार का, तेवढं विचारायला आलोय."

"आज बंद, उद्या चालू. आमाला येडं समजलास? मीबी वकिलाला विचारलंय. बंद पडलेलं दीड वर्षाच्या आत परत जित्तं करता येतंय."

"येतंय. पण चुकून ऱ्हायलं असंल तरच. जाणूनबुजून न्हाई भरलं, तर न्हाई येत." रत्नपालने पिशवीतून कागद काढला. "मी जाणूनबुजून भरत न्हाई, असं बाँडवर लिहून आणलंय. आठ प्रती हायत. एक तुमच्याजवळ ठेवा. मी उद्या फिरलो, तर हाच कागद चेन्नईला दाखवा."

ईरण्णाने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. रंगाच्या फवाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

"ते पोरगं..." तो म्हणाला आणि थांबला. "मुडबीचं. दवाखान्याचं मी भरलं. मशीनमालकावर केस हाय, माझ्यावर न्हाई. वकील म्हणतो, तुमी सुटला." त्याने चष्मा काढला. "दांडे कापले तवा माझं डोस्कं ठिकाणावर नव्हतं, मिस्त्री. माझ्या कारखान्यात झाडू मारून गेलेला माणूस मला नोटीस पाठवतो, एवढंच दिसत होतं."

"मी झाडू न्हाई मारला. वेल्डर होतो."

"व्हय. वेल्डर होतास." ईरण्णा खाली पाहून म्हणाला. मग कागदाची घडी घालत, "पाटीवर तुझं नाव घालू का?"

वर्षभरापूर्वी हे पाच शब्द ऐकायला रत्नपाल चालत भालकीला आला असता. आता त्याला मुडबीची ओसरी दिसली. त्या मशीनवर आपले नाव वाचून तुळजाने विचारले असते, तर काय सांगितले असते?

"नको. तुमचंबी नको."

"मग पाटीवर लिहू काय?"

"हाताला फडकं बांधू नये. एवढं लिहा. कन्नडमध्ये अन् मराठीत."

ईरण्णाने मान हलवली. "माझ्याकडून किती मशिनी गेल्या ते मला म्हाईत हाय. पुन्ना बोलावतो. पण दांडे नव्यानं करायला हंगाम निघून जाईल."

"दांडे हायत," रत्नपाल म्हणाला. "माझ्या दारात पडलेत."

शुक्रवारी सकाळी तो विहारात गेला. राजपाल गुरुजी अभ्यासिकेतल्या सतरंज्या झटकत होते. त्याने उभ्यानेच सगळे सांगितले. गुरुजींनी सतरंजी हातातून सोडली नाही.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "शोभाबाईसारख्या बायांनी रोजातले पैसे काढून दिलेत तेच्यात. या वस्तीत कुनाच्या नावावर काय होतं रे? हे एक होतं. अन् तू तेच ईरण्णाच्या पदरात टाकायलास. फुकट!"

"ईरण्णाच्या पदरात न्हाई टाकलं, गुरुजी. सगळ्यांसाठीच मोकळं केलं."

"दांडे कापले कुनी? तू?"

"ईरण्णानं."

"मग तेच्या पापाचा दंड आपुन कामून भरायचा? दरवेळी आपुनच कामून?"

हा प्रश्न रत्नपालने स्वतःलाही रात्ररात्र विचारला होता. गुरुजींचे म्हणणे बरोबर होते. तुळजाचा हातही खरा होता. दोन्ही एकाच वेळी मनात बाळगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"सोयाबीनच्या राशी पंधरा दिवसांवर आल्यात," तो म्हणाला. "पेंढ्या घालायला आपल्याच बाया जाणार हायत. आपल्या अन् त्या मुडबीच्या पोरीसारख्या."

गुरुजींनी सतरंजीची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. तसबिरीखाली प्रमाणपत्र होते. काचेवर सकाळचे ऊन पडून अक्षरे दिसत नव्हती.

"कागद मी काढणार न्हाई," ते शेवटी पाठमोरे म्हणाले.

"काढू नका. शोध माझाच हाय. हक्क तेवढा गेला."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"हाय तेच सांगा."

गुरुजींनी जयभीम केला नाही. रत्नपालने केला आणि तो बाहेर पडला.

दिवसभर त्याने पेरणी यंत्रांचे फण जोडले. संध्याकाळी पाचला तो स्टँडवर सेंटरमध्ये गेला. दोन माणसे रेशनकार्डाच्या दुरुस्तीसाठी बसली होती; ती जाईपर्यंत तो बाकावर थांबला. स्नेहलने पान उघडून ठेवले होते. त्यावर त्याचे नाव, पेटंटचा क्रमांक आणि दहावे वर्ष होते. खाली भरण्याचे बटन.

"मी पेटंट एजंटला मेल लिहून ठिवलाय," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तसं. 'विचार करून भरत नाही.' धाडू?"

"धाड."

तिने मेल पाठवला. मग बाँडच्या सात प्रती सात पाकिटांत घातल्या आणि पत्ते लिहिले. हुमनाबादच्या म्हाताऱ्याचे पाकीट तिने सगळ्यांत वर ठेवले. लिहिता लिहिता ती म्हणाली, "पप्पा, शाळेत निबंध होता, 'माझे वडील'. मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं, माझ्या वडिलांचं पेटंट हाय."

"मग?"

"काई न्हाई. सांगितलं." तिने पाकिटाला डिंक लावला. मग विचारले, "पान बंद करू?"

रत्नपालने पडद्याकडे एकदा पाहिले. "कर."

शनिवारी वीज सातला आली. त्याने ग्राइंडर लावून ढिगातला एकेक दांडा उचलला, कापलेली टोके सरळ केली, गंज काढला, आणि मापाच्या पट्ट्या जोडून त्यांना भोके पाडली. दहा एमएमची, खालच्या दोघांत थोडे जास्त अंतर. पहिल्यासारखेच. शोभाबाईंनी शेळी सोडून कडुनिंबाला बांधली आणि येऊन पाटावर बसल्या. दुपारपर्यंत अकरा दांडे झाले, रविवारी बाकीचे. मोजताना एकतीसच भरले. त्यांतला एक मुडबीच्या मशीनचा होता. कोणता, ते आता सांगता येत नव्हते.

सोमवारी ईरण्णाचा टेंपो आला. तोच ड्रायव्हर होता. या वेळी त्याने फाळका हळूच पाडला. दोघांनी मिळून दांडे आत रचले, आपटणार नाहीत असे, मध्ये पोती घालून. फाळका लावून टेंपो निघाला तेव्हा गल्लीत तीन-चार दारांत माणसे उभी होती.

रत्नपाल हात धुऊन चुलीपाशी आला. शोभाबाईंच्या दातांत फडके होते. त्यांनी थोट्या हातावरची भाकरी तव्यावर उतरवली, आधीची त्याच्या ताटात टाकली, आणि पुढच्या उंड्यासाठी गुडघ्याने परात जवळ ओढली.